‘रॉबिन’ म्हणजे दयाळ नव्हे

न्यू जर्सीतील मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले आहे की, अमेरिकेतील ‘रॉबिन’ या पक्ष्यावरचा इंग्रजी पाठ मुलांसाठी मराठीत लिहिताना त्याला कोणते नाव द्यावे. कोशात त्यांना ‘रॉबिन’पुढे ‘दयाळ’ आणि ‘चिरक’ ही नावे मिळाली. शिवाय ‘वसंतातला पहिला रॉबिन’ या प्रयोगासाठी ‘कोकीळ’ चालेल का, हा पक्षी मान कलती करून गांडुळाचा ‘कानोसा घेतो’ असे लिहावे का, आणि त्याच्या अंड्यांच्या रंगाला काय म्हणावे, असे त्यांचे आणखी तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, दयाळही नको आणि चिरकही नको. कोशकाराने चूक केलेली नाही. त्याच्यासमोर भारतातले इंग्रजी होते. भारतात राहिलेल्या इंग्रजांनी आपल्या दयाळाला ‘मॅगपाय रॉबिन’ आणि चिरकाला ‘इंडियन रॉबिन’ म्हटले, त्यामुळे त्या इंग्रजी नावांची मराठी बाजू म्हणून दयाळ आणि चिरक ही नावे बरोबरच आहेत. परंतु अमेरिकेतल्या अंगणात गांडुळे वेचणारा पक्षी या दोघांपैकी कोणीही नाही, आणि गंमत म्हणजे इंग्लंडातला मूळ रॉबिनही तो नाही.

इंग्रजीत ‘रॉबिन’ हे रॉबर्ट या नावाचे लाडाचे रूप आहे. इंग्लंडातल्या बागांत फिरणाऱ्या, जेमतेम चौदा सेंटिमीटर लांबीच्या, नारिंगी छातीच्या एका चिमुकल्या पक्ष्याला तिथले लोक आधी ‘रेडब्रेस्ट’ म्हणत असत. पुढे त्याला माणसाचे नाव जोडून ‘रॉबिन रेडब्रेस्ट’ झाले आणि कालांतराने त्यातला नुसता रॉबिन उरला. नारिंगी छातीला ‘रेड’ का म्हटले, याचे कारणही भाषेतच आहे: इंग्रजीत ‘ऑरेंज’ हा शब्द रंगाचे नाव म्हणून सोळाव्या शतकात रुळला आणि पक्ष्याचे नाव त्याआधीचे आहे. वसाहत करण्यासाठी अटलांटिकपलीकडे गेलेल्या इंग्रजांना तिथे वेगळाच, बराच मोठा पक्षी दिसला; मात्र त्याचीही छाती तांबूस होती आणि तोही घराजवळ निर्धास्त वावरत होता. घरच्या आठवणीने त्यांनी त्याला रॉबिन म्हटले, आणि या आठवणीचा जोर इतका होता की तिथल्या निळ्या पाठीच्या ‘ब्लूबर्ड’लाही काही काळ ‘ब्लू रॉबिन’ म्हटले जात असे. ऑस्ट्रेलियातही हेच घडले, आणि तिथले रॉबिन तर तिसऱ्याच कुळातले निघाले.

मराठी माणसाने याला हसण्याचे कारण नाही. आपण पोपटाला राघू म्हणतो, आणि राघू हे माणसाचेही नाव आहे. पुढे हिरव्या रंगाचा म्हणून तारेवर बसून माश्या पकडणाऱ्या एका पक्ष्याला आपण ‘वेडा राघू’ म्हणू लागलो, जरी त्याचा पोपटाशी काडीचा संबंध नाही. अमेरिकन रॉबिनला मराठीत दयाळ म्हणणे म्हणजे एखाद्या परदेशी भाषांतरकाराने कोशात ‘राघू’ पाहून वेड्या राघूचा पोपट करून टाकण्यासारखे आहे.

मग हा पक्षी आहे तरी कोण? त्याचे शास्त्रीय नाव टर्डस मायग्रेटोरियस असे असून ते स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७६६ मध्ये दिले. त्याच्या आधी मार्क केट्सबी या इंग्रज निसर्गअभ्यासकाने कॅरोलिनातील या पक्ष्याची तुलना युरोपातील फील्डफेअर नावाच्या थ्रशशी केली होती, आणि ती नजर अचूक होती, कारण हा पक्षी खरोखरच थ्रश आहे. थ्रश कुळातल्या पक्ष्यांसाठी मराठीत ‘कस्तूर’ हे सुंदर नाव रूढ आहे. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी माणसासारखी शीळ घालणारा शीळकरी कस्तूर पुष्कळांच्या ओळखीचा असतो, जरी अलीकडच्या वर्गीकरणात नेमका तोच या कुळाबाहेर गेला आहे. युरोपातला रॉबिन आणि आपले दयाळ व चिरक यांनाही पूर्वी थ्रशांतच धरत असत. आता ते माशीमार पक्ष्यांच्या कुळात गेले आहेत, तर अमेरिकन रॉबिन होता तिथेच राहिला आहे. म्हणजे महाराष्ट्रात त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा झाला, तर तो दयाळ नसून पश्चिम घाटातल्या झाडीत गाणारा, पिवळ्या-नारिंगी चोचीचा आणि काळ्या टोपीचा ‘इंडियन ब्लॅकबर्ड’ ठरतो, जो त्याच टर्डस प्रजातीतला आहे.

रूपाकडे पाहिले तरी फरक उघड आहे. अमेरिकन रॉबिन पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या साळुंकीच्या लांबीचा, आणि वजनाने साधारण पाऊणशे ग्रॅमचा असतो. युरोपातला रॉबिन त्याच्या पाव वजनाचाच भरतो. अमेरिकन रॉबिनची पाठ राखाडी-तपकिरी, डोके काळसर, चोच पिवळी, डोळ्याभोवती तुटक पांढरे कडे आणि छाती व पोट तांबूस. या तांबूस रंगासाठी मराठीत ‘विटकरी’ हा नेमका शब्द असताना इंग्रजीच्या मागे जाऊन ‘लाल छातीचा’ लिहू नये, असे मला वाटते. मादीचे रंग थोडे फिके असतात. पिल्लांच्या छातीवर ठिपके असतात. पूर्वी अशा ठिपक्यांवरूनच युरोपी रॉबिनला आणि थ्रशांना एका कुळात बसवत असत, पण ते ठिपके दोन्ही कुळांत आढळतात, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही.

इतर भाषांनी काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. फ्रेंचमध्ये त्याला ‘मेर्ल दामेरिक’, म्हणजे अमेरिकेतला ब्लॅकबर्ड म्हणतात. जर्मनमध्ये ‘वाँडरड्रॉसेल’, म्हणजे भटका थ्रश. दोघांनीही छातीचा रंग सोडून कुळ धरले. आणि या सगळ्यांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत त्याचे ‘ओपिची’ हे स्वतःचे नाव आहेच, ज्याला कोणाच्या उसनवारीची गरज पडली नाही. फ्रेंच-जर्मनांच्या वाटेने गेल्यास मराठीत ‘अमेरिकी कस्तूर’ हे नाव सहज तयार होते, आणि पक्ष्याची माहिती देणाऱ्या लेखनात ते वापरावे असे मी सुचवेन. पण मुलांच्या पाठात मुख्य नाव म्हणून ‘रॉबिन’ हेच ठेवावे. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि कनेटिकट या तीन राज्यांचा तो राज्यपक्षी आहे, तिथल्या मुलांना खिडकीतून तो याच नावाने दिसतो, आणि त्या नावाभोवती तिथल्या समाजाच्या आठवणी जमलेल्या आहेत. १९५०च्या दशकात मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या आवारात एल्म वृक्षांवरच्या रोगासाठी डीडीटी फवारले गेले. ते पानांतून मातीत, मातीतून गांडुळांत आणि गांडुळांतून या पक्ष्यांत उतरले, आणि वसंतात तिथे मेलेले रॉबिन सापडू लागले. तिथले पक्षितज्ज्ञ जॉर्ज वॉलेस यांनी त्याचा अभ्यास केला, आणि डीडीटीविरुद्धच्या सार्वजनिक वादात हे रॉबिन पुढे आले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली. हा इतिहास ‘कस्तूर’ शब्दाला आपोआप चिकटत नाही.

आता कोकिळेचा प्रश्न. मोह समजण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे वसंत म्हटला की कोकीळ, आणि तिथे वसंत म्हटला की रॉबिन. तरीही हा बदल करू नये, कारण पाठ पक्ष्याच्या जीवनक्रमाविषयी आहे आणि नेमक्या त्याच बाबतीत हे दोन पक्षी एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे आपण लहानपणीच शिकतो. रॉबिनची मादी स्वतः चिखल आणि गवत यांचे वाटीसारखे घरटे लिंपते, त्यात बारीक गवताचे अस्तर घालते, बहुधा तीन-चार अंडी घालून सुमारे दोन आठवडे ती एकटीच उबवते, आणि एका हंगामात असे दोन, क्वचित तीन वेळा करते. इतकेच नव्हे, तर कोकिळेसारखीच खोड असलेला काउबर्ड नावाचा पक्षी तिच्या घरट्यात आपले ठिपक्यांचे अंडे टाकून जातो, तेव्हा ती ते ओळखून बहुतेक वेळा बाहेर फेकून देते. अशा पक्ष्याला ‘कोकीळ’ म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

‘पहिला रॉबिन परत आला’ या वाक्यातल्या ‘परत आला’कडेही जरा लक्ष द्यावे. शास्त्रीय नावातला ‘मायग्रेटोरियस’ म्हणजे स्थलांतर करणारा हे खरे, आणि कॅनडा व अलास्कातले रॉबिन हिवाळ्यात दक्षिणेकडे मेक्सिकोच्या आखातापर्यंत आणि पुढेही जातात. पण पुष्कळ रॉबिन थंडीतही उत्तरेकडच्या राज्यांत टिकून असतात. जमीन गोठली की ते हिरवळ सोडून थव्याने रानात शिरतात आणि झाडांवरच्या फळांवर गुजराण करतात. बर्फ वितळून गांडुळे वर आली की ते पुन्हा अंगणात उतरतात आणि नर गाऊ लागतात, म्हणून लोकांना ते ‘आले’ असे वाटते. न्यू जर्सीपुरते बोलायचे तर ‘रॉबिन पुन्हा अंगणात दिसू लागले’ हे वाक्य अधिक खरे आहे, आणि ‘वसंताची चाहूल’ हा आपला शब्द त्याला शोभतोही.

‘कानोसा घेतो’ हा शब्दप्रयोग मला फार आवडला, आणि त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. रॉबिन चार पावले धावतो, थबकतो, मान एका बाजूला कलती करतो आणि झटकन चोच मारून गांडूळ ओढतो. पाहणाऱ्याला तो ऐकतो आहे असेच वाटते. परंतु पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे जवळची वस्तू नीट पाहण्यासाठीही त्याला मान कलती करावीच लागते, आणि फ्रँक हेपनर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असाच निष्कर्ष काढला होता की तो गांडूळ डोळ्यांनी शोधतो. त्या काळी मी ‘निरखतो’ लिहा असे सांगितले असते. पुढे १९९७ मध्ये कॅनडातील माँटगोमेरी आणि वेदरहेड या संशोधकांनी दिसण्याचा, वासाचा आणि कंपनांचा मार्ग पद्धतशीरपणे बंद करून पाहिला, तरीही रॉबिनांना मातीत पुरलेली गांडुळे सापडली. सभोवती गोंगाट केल्यावर मात्र त्यांचे यश घटले. म्हणजे तो पाहतोही आणि ऐकतोही. तेव्हा ‘कानोसा घेतो’ बेलाशक लिहावे. फक्त त्याच परिच्छेदात ‘निरखतो’ही येऊ द्यावे. जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही: हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या भागांत मूळची गांडुळे जवळजवळ उरलीच नव्हती, आणि आज तिथल्या हिरवळीखाली असणारी बहुतेक गांडुळे युरोपी वसाहतींबरोबर आलेली आहेत. नाव ज्या जहाजांतून आले, त्याच वाटेने खाऊही आला.

अंड्यांच्या रंगाचे उत्तर सोपे आहे. इंग्रजीत त्या रंगाला याच अंड्यांवरून ‘रॉबिन्स एग ब्लू’ हे स्वतंत्र नाव मिळाले आहे, पण त्याचे शब्दशः भाषांतर मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे करणार नाही. उलट कपड्यांना घालायच्या निळीवर ज्यांनी ‘रॉबिन’ हे नाव वाचले आहे, त्यांना तो गडद निळा रंगच आठवेल. अंडी फिकट निळी, किंचित हिरव्याकडे झुकणारी असतात. ‘फिरोजी’ किंवा ‘हिरवट आकाशी’ यांपैकी कोणताही शब्द चालेल. मी ‘फिरोजी’ निवडेन.

राहता राहिले व्याकरण. ‘रॉबिन’ हा शब्द मराठीत पुल्लिंगी मानावा आणि मादीसाठी ‘रॉबिनची मादी’ लिहावे. मोर, पोपट यांप्रमाणे त्याचे अनेकवचन बदलत नाही, म्हणून ‘दोन रॉबिन’ बरोबर आणि ‘दोन रॉबिन्स’ नको. विभक्तीच्या आधी मात्र तो मोरासारखा वागत नाही: ‘मोराला’ म्हणतो तसे ‘रॉबिनाला’ कोणी म्हणत नाही, ‘रॉबिनला’च म्हणतात, अनेकवचनात ‘रॉबिनांना’ हे रूप मात्र स्वाभाविक वाटते. ‘कस्तुर’ आणि ‘कस्तूर’ अशी दोन्ही रूपे छापलेली आढळतात. अकारान्त शब्दातला उपान्त्य उकार दीर्घ लिहायचा, या नियमानुसार ‘कस्तूर’ लिहावे, आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होत असल्याने ‘कस्तुराचे घरटे’, ‘कस्तुराला’ असे लिहावे.