मंकीपॉक्ससाठी केलेली रक्ताची पीसीआर निगेटिव्ह आली, तर निश्चिंत राहावे का?

परदेशातून परतलेल्या आपल्या भावाच्या अंगावर फोड आहेत, रक्ताची पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली आहे आणि त्या अहवालावर विसंबावे का, असे आपण विचारले आहे. विसंबू नये. या आजारात विषाणू रक्तात थोडाच काळ सापडतो, फोडांत मात्र तो भरपूर असतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने फोडातील स्राव, फोडाचे आवरण आणि खपली हेच निदानाचे मुख्य नमुने मानले आहेत. फोड समोर दिसत असताना नुसते रक्त पाठवणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवे होते.

मी विषाणू निदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे. जुलै 2022 मध्ये केरळात देशातील पहिला रुग्ण सापडला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत त्याचे निदान पक्के झाले, आणि त्यानंतर आखातातून आलेला, अंगावर पुरळ असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस संशयित ठरू लागला. अशाच एका रुग्णाचे आमच्याकडे फक्त रक्त आले. मी फोडांचे नमुने मागितले, तेव्हा वॉर्डातील वरिष्ठ डॉक्टरांनी फोनवर सुनावले की तंत्रज्ञाने यंत्र चालवावे, निदानात पडू नये. पुढे स्वॅब आले, पण त्यांत मानवी जनुकाचा कंट्रोलसुद्धा (नमुन्यात माणसाच्या पेशी आल्या आहेत की नाही, हे दाखवणारी खूण) उमटला नाही, म्हणजे स्वॅब फोडावर घासलाच गेला नव्हता. अशा वेळी निगेटिव्ह लिहिता येत नाही. नमुना अयोग्य आहे, नवा पाठवावा, असेच कळवावे लागते. तसे कळवताच आमचे किट खराब असल्याची तक्रार थेट अधिष्ठात्यांकडे गेली. यंत्राच्या त्याच फेरीत पॉझिटिव्ह कंट्रोल (विषाणूचा अंश असलेला ठरलेला नमुना) वेळेवर आला होता आणि निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नसलेला नमुना) स्वच्छ होता, तर किट खराब कसे, याचे उत्तर मला आजतागायत मिळालेले नाही.

अखेर एका निवासी डॉक्टर मुलीने शरीराच्या वेगवेगळ्या भागांवरील दोन फोड निवडून स्वॅब जोर देऊन घासला आणि खपल्या वेगळ्या कोरड्या ट्यूबमध्ये दिल्या. या वेळी मानवी कंट्रोल उत्तम आला, मंकीपॉक्स निगेटिव्ह निघाला आणि त्याच नमुन्यात कांजिण्यांचा विषाणू सापडला. तोवर तो माणूस विनाकारण विलगीकरणात अडकला होता आणि घरच्यांना त्याला भेटताही येत नव्हते. त्या मुलीचे कौतुक कोणी केले नाही, म्हणून येथे करते.

पॉझिटिव्ह अहवालही डोळे मिटून घेऊ नये. अमेरिकेत 2022 मध्ये सीटी व्हॅल्यू (विषाणू दिसेपर्यंत यंत्राला लागलेली आवर्तने; आकडा जितका मोठा, तितका विषाणू कमी) 34 किंवा त्याहून अधिक असलेले काही पॉझिटिव्ह निष्कर्ष फेरतपासणीत खोटे ठरले. त्या रुग्णांची पार्श्वभूमी आजाराशी जुळतच नव्हती. शिवाय विषाणूही बदलतो. 2023 पासून पूर्व काँगोत पसरलेल्या क्लेड एक-बी या प्रकारात (क्लेड म्हणजे विषाणूची शाखा; एक-बी ही क्लेड एकची उपशाखा), क्लेड एक ओळखण्यासाठी वापरला जाणारा एक जनुकभागच गळालेला आढळला आणि केवळ त्यावर बेतलेली चाचणी तेथे निरुपयोगी ठरली. म्हणून एकाच जनुकावर अवलंबून न राहणारी चाचणी मला अधिक भरवशाची वाटते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी: मी डॉक्टर नाही आणि आपल्या भावाला मी पाहिलेले नाही. घसा किंवा गुदद्वाराचा स्वॅब लागेल का, हे तपासणारे डॉक्टरच ठरवतील, आणि रक्ताचा नमुना फोडांच्या नमुन्याला जोड म्हणून घेतला तर त्याला माझी हरकत नाही. घरी स्वतः फोड फोडू किंवा खरवडू नयेत. निदान होईपर्यंत भावाने वेगळ्या खोलीत राहावे. मंकीपॉक्स निघालाच, तर सर्व खपल्या गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत. उद्या डॉक्टरांकडे फोडांचे नमुने घेण्याचा स्पष्ट आग्रह धरा, कांजिण्यांचीही तपासणी मागा, आणि अर्जावर पुरळ उठल्याची तारीख व नमुन्याची जागा लिहिली आहे की नाही, हे सही होण्यापूर्वी स्वतः वाचून पाहा. यावर कोणी रागावले, तर प्रयोगशाळेतून नमुना परत आल्यास पुन्हा यावे लागेल, एवढे त्यांना शांतपणे सांगा.