सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे

प्रश्न असा आलाय की अर्थशास्त्रातल्या 'पब्लिक गुड'ला 'सार्वजनिक वस्तू' म्हणायचं की 'सार्वजनिक हित', आणि रेशनचं धान्य त्यात मोडतं का.

रेशनचं आधी सांगतो, नाही मोडत. सरकार जे जे देतं ते सगळं सार्वजनिक वस्तू म्हणून खपवायची टीव्हीवर पद्धतच पडलीये, ऐकून डोकं फिरतं. माझ्या पिशवीत आलेला गहू तुमच्या पिशवीत जात नाही, आणि कार्ड नसेल तर दुकानदार परत पाठवतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसनने १९५४ साली मांडलेली सार्वजनिक वस्तूची कल्पना बरोब्बर उलटी आहे, एकाने वापरलं म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. कुलाब्याच्या टोकाचं प्रोंग्जचं दीपगृह घ्या, १८७५ पासून आहे, त्याचा उजेड दहा बोटींनी बघितला काय नि शंभर बोटींनी, तेवढाच राहतो. (इंग्लंडात दीपगृहांचे पैसे बंदरात वसूल व्हायचे हे अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोसने १९७४ साली दाखवलं, पण पैसे घेतले म्हणून उजेड कमी होत नाही!)

आता खरी मजा 'सार्वजनिक'मध्ये आहे. कोशवाले 'सर्व लोकांसंबंधीचा' एवढं लिहून मोकळे होतात, जणू सामाजिक, मासिक तसंच हेही. अहो, संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं 'तस्मै हितम्' (त्याला हितकर) हे प्रकरण उघडून बघा की. त्यातल्या 'विश्वजन'वाल्या सूत्राखाली काशिकेत, म्हणजे पाणिनीवरच्या जुन्या टीकेत, वार्तिक (पुरवणी नियम) आहे, 'सर्वजन'ला ठञ् (म्हणजे 'इक') आणि ख (म्हणजे 'ईन') हे प्रत्यय लागतात, म्हणून सार्वजनिक आणि सर्वजनीन. आणि अर्थ? सर्वजनांना हितकर! म्हणजे हित प्रत्ययातच बसलंय, मालकीचा तिथे संबंधच नाही. 'सार्वजनिक हित' म्हणणारे हित दोनदा वाढतात.

आणि मराठीने हा अर्थ नीट सांभाळला होता. १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा, तिच्यामुळे 'सार्वजनिक काका' झालेले गणेश वासुदेव जोशी, १८९३ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव, यात सरकारी काय होतं? माझं स्पष्ट मत आहे की 'पब्लिक वर्क्स'चं 'सार्वजनिक बांधकाम' केलं आणि पाट्यापाट्यांवर रंगवलं तिथून हा शब्द बिघडला, इंग्रजीचा प्रभाव वगैरे मोघम कारणं देणाऱ्यांनी त्या पाट्या वाचाव्यात. गणपतीत तर अख्खं प्रकरण दिसतं. रस्त्यावरची रोषणाई वर्गणी न देणाराही बघतो, त्याला अडवणार कसं? तोच 'फ्री रायडर', त्याला 'फुकट्या' हा तयार शब्द असताना 'मुक्त स्वार' कुणी लिहिलं तर माझी पेन्सिल थांबत नाही. प्रसादाचा मोदक मात्र यात नाही, मी खाल्ला की संपला. सगळ्यांनीच फुकट्या व्हायचं ठरवलं की रोषणाईच होत नाही, हवी सगळ्यांना असते तरी. हेच 'मार्केट फेल्युअर', आणि सेन्सेक्स आपटला की 'बाजाराचं अपयश' अशी पट्टी चालवणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं, भाव पडणं म्हणजे अपयश नव्हे.

हां, तुमचा प्रश्न. 'वस्तू' मला पटत नाही, उजेड नि संरक्षण या काय वस्तू आहेत? सॅम्युएलसनने मात्र सुरुवातीला 'सामूहिक उपभोगाच्या वस्तू' असंच म्हटलं होतं. आणि रुळलाय शब्द, परीक्षेत तोच लिहा. 'हित' जनहित याचिकेसाठी ठेवा.