एनबीएचे मॉक ड्राफ्ट कितपत खरे ठरतात? सगळ्यात अचूक मॉक कोणाचा?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय, "योकिच 41वा गेला, यानिस 15वा गेला, म्हणजे मॉकवाल्यांना काही कळत नाही, बरोबर ना?" नाही. ड्राफ्ट म्हणजे एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, प्रत्येक पाळी म्हणजे एक पिक, आणि मॉक म्हणजे कोण कितवा जाणार याचं आधीच केलेलं भाकीत. योकिच आणि यानिस उशिरा निवडले गेले आणि पुढे लीगमधले सर्वोत्तम खेळाडू ठरले, त्यावरून हा युक्तिवाद दर जूनमध्ये कोणीतरी करतंच आणि दर वेळी तो तितकाच चुकीचा असतो.

2014 मध्ये डेन्व्हरने योकिचला 41व्या पिकवर घेतलं. त्या वर्षी कोणी मॉकमध्ये योकिच 41वा लिहिला असता तर ते भाकीत तंतोतंत बरोबर ठरलं असतं, आणि पहिला लिहिला असता तर चाळीस जागांनी चुकलं असतं. खेळाडू पुढे किती मोठा होणार हे सांगणं मॉकचं काम नाही. त्या रात्री कोणता संघ कोणाचं नाव पुकारणार, एवढंच तो सांगतो. खेळाडूंची प्रतवारी हवी असेल तर बिग बोर्ड बघा. 2013 चं उदाहरण याच्या अगदी उलटं आहे. बहुतेक मॉकमध्ये नर्लेन्स नोएल पहिला होता, तोही फेब्रुवारीत गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना. क्लीव्हलंडने पहिल्या पिकवर अँथनी बेनेटला घेतलं आणि नोएल सहाव्या क्रमांकापर्यंत घसरला. बेनेटची कारकीर्द चार हंगामांत आटोपली. तरीही त्या वर्षी बेनेट पहिला लिहिणाऱ्यालाच मॉकचे पूर्ण गुण द्यावे लागले असते.

आता विश्वासार्हतेचं. त्यासाठी 2022 चा ड्राफ्ट नीट समजून घ्या, कारण मॉक जिथे जिथे ठिसूळ असतो ते सगळं एका दिवसात दिसलं. पहिला पिक ऑर्लँडोचा, दुसरा ओक्लाहोमा सिटीचा, तिसरा ह्यूस्टनचा. कित्येक आठवडे जवळपास प्रत्येक मॉकमध्ये क्रम एकच होता: जबारी स्मिथ, चेट होमग्रेन, पाओलो बँकेरो. 23 जूनच्या सकाळी एनबीएच्या आतल्या बातम्या देणारा ईएसपीएनचा तेव्हाचा पत्रकार एड्रियन वोज्नारोव्स्की यानेही हाच क्रम पक्का होत चालल्याचं ट्वीट केलं. इकडे सट्टेबाजांकडे मात्र बँकेरोचा भाव आदल्या रात्रीपासूनच हलत होता. ड्राफ्ट सुरू व्हायच्या सुमारास वोज्नारोव्स्कीचा सूरही पालटला, आणि आपल्याकडे 24 तारखेची पहाट उजाडताना ऑर्लँडोने बँकेरोचं नाव दिलं. होमग्रेन दुसरा, स्मिथ तिसरा.

आता गुण द्या बघू. "पहिले तीन कोण?" एवढंच विचारलं तर सगळे मॉक तीनपैकी तीन. नेमकी जागा विचारली तर तीनपैकी एक. फरक मोजला तर बँकेरो 2, होमग्रेन 0, स्मिथ 2, म्हणजे सरासरी 1.33. भाकीत तेच, पण मोजपट्टी बदलली की निकालही बदलतो. "आमचा मॉक इतके टक्के अचूक" असं कोणी म्हटलं की आधी कोणत्या मापाने ते विचारा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. दहा मॉक एकच क्रम सांगत होते म्हणून त्यांना दहा साक्षीदार मानायचं नसतं. सगळ्यांची बातमी त्याच चार-पाच तोंडांतून येते आणि बाकीचे री ओढतात. आणि ती तोंडं निःस्वार्थी नसतात. एजंटला आपला खेळाडू विशिष्ट शहरात हवा असतो, संघाला पिक विकताना भाव चढवायचा असतो किंवा आपला माणूस लपवायचा असतो. त्यामुळे बातमी कोणी पुरवली यापेक्षा ती पुडी सोडून फायदा कोणाचा, हे बघा. संघाच्या गोटातून "आम्हाला अमुक फार आवडलाय" असं आलं तर मी ते शून्य धरतो. वर्कआऊट (ड्राफ्टआधी संघासमोर द्यायची चाचणी) रद्द होणं मात्र ठोस माहिती असते. 2025 मध्ये एस बेलीने फिलाडेल्फियाचं वर्कआऊट रद्द केलं. तिसऱ्या पिकवर फिलाडेल्फियाने व्हीजे एजकोंबला घेतलं आणि बेली पाचवा, यूटाकडे गेला. वैद्यकीय बातमीही तशीच. 2018 मध्ये मायकेल पोर्टर ज्युनियर पाठीच्या दुखण्यामुळे 14व्या क्रमांकापर्यंत खाली आला.

नेमक्या जागा मोजणं हे वाईट माप आहे, कारण एक पिक फिसकटला की खालची सगळी रांग सरकते. 2025 मध्ये पोर्टलंडने 16व्या पिकवर यांग हान्सेनला घेतलं. मॉकवाले त्याला दुसऱ्या फेरीत धरून बसले होते. समजा तुमचा मॉक पहिल्या पंधरापर्यंत बरोबर आहे आणि पुढचा क्रमही बरोबर आहे, फक्त यांग नाही. मग 16 ते 30 पर्यंत प्रत्येक नाव एका जागेने खाली जाईल. नेमक्या जागेच्या हिशेबात पंधरापैकी शून्य, प्रत्यक्षात चूक एकच.

स्वतः मोजायचं तर असं मोजा. मॉकचा स्क्रीनशॉट तीनदा घ्या: लॉटरीनंतर (वरचे पिक कोणत्या संघाला, हे ठरवणारी सोडत) लगेच, खेळाडूंनी नाव मागे घ्यायची मुदत संपल्यावर, आणि ड्राफ्टच्या दिवशी सकाळी. नुसती लिंक ठेवू नका, जुन्या आवृत्तीवर नवी चढवलेली असते. एक्सेलमध्ये नाव, भाकीत जागा, खरी जागा, आणि दोन्हींतला फरक उणे चिन्ह काढून. निवडच न झालेल्याला 61 धरा. फरकाला 15 ची कमाल मर्यादा घाला, नाहीतर एकच माणूस सरासरी बुडवतो. हिशेब पहिल्या 30 चाच करा. शेवटी चार-पाच बिग बोर्डांची सरासरी काढून तिचेही तसेच गुण काढा. "आतली खबर" असलेला मॉक या साध्या सरासरीलाही हरवत नसेल तर ती खबर कुचकामी.

लेब्रॉन (2003), झायन (2019), वेम्बन्यामा (2023), फ्लॅग (2025) अशा वर्षांत पहिला पिक गुणांतून वगळा. तो शेंबड्या पोरालाही येतो.

लॉटरीच्या आधीच्या मॉकवर वेळ घालवू नका. 2025 मध्ये 1.8 टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला पिक लागला, आणि सगळ्यात वाईट कामगिरीचं यूटा पाचव्यावर गेलं. संघांचा क्रमच चुकीचा असेल तर खेळाडूंची नावं कुठे टिकणार? दुसऱ्या फेरीचं भाकीतही सोडून द्या. तिथे कित्येक एजंट नको त्या संघाकडे जाण्यापेक्षा खेळाडू न निवडला गेलेलाच बरा म्हणतात, म्हणजे टू-वे करार (मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ, दोन्हींकडून खेळण्याचा) हव्या त्या संघाशी करता येतो. भारताचा सतनाम सिंग 2015 मध्ये डॅलसकडे 52वा गेला, ती याच टप्प्यातली निवड.

ट्रेडचा घोळ राहिलाच. 2018 मध्ये लूका डॉन्चिचचं नाव तिसऱ्या पिकवर अटलांटाने पुकारलं, पण तो गेला डॅलसला, ज्यांचा पिक पाचवा होता. "डॅलस: डॉन्चिच" लिहिणारा चूक की बरोबर? मी जागा आणि संघ असे दोन वेगळे रकाने ठेवतो आणि त्यांची बेरीज करत नाही. आणि हो, ड्राफ्टच्या सकाळचा मॉक सगळ्यात अचूक असतो हे खरं, पण फँटसीची निवड आठवडाभर आधी करायची असेल तर त्या अचूकपणाचा तुम्हाला उपयोग नाही. सगळ्यात अचूक कोणाचा, हे विचारलंत. वरचा तक्ता तीन वर्षं भरा, एका वर्षावरून कोणाचंही नाव घेऊ नका.

परत योकिचवर येतो. त्या रात्री डेन्व्हरने आपला 11वा पिक डग मॅकडरमॉट शिकागोला देऊन 16वा युसुफ नुर्किच आणि 19वा गॅरी हॅरिस घेतले. नुर्किचही योकिचसारखा सेंटरच, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू. म्हणजे खुद्द डेन्व्हरने दुसरा सेंटर आधी घेतला आणि योकिचला 41 पर्यंत थांबवलं. मग मॉकवाल्याने त्याला वर कुठल्या संघाच्या नावापुढे लिहायचं होतं?