क्लो सँत ह्यून ही पांढरी वाइन इतकी वर्षं का ठेवतात?

कारण कोवळेपणी ती फारशी खुलत नाही. फ्रान्सच्या आल्सासमध्ये हुनावीर गावाजवळ, रोझाकरच्या उतारावर, ट्रिंबाख घराण्याचा जेमतेम १.६७ हेक्टरचा चुनखडीचा मळा आहे. तिथल्या रीस्लिंग द्राक्षांचीच ही वाइन. साखर नावाला, आम्लता धारदार; तीच तिला टिकवते. ट्रिंबाखसुद्धा बाटल्या काही वर्षं तळघरात ठेवूनच विकायला काढतात.

सुरुवातीला लिंबाची साल, हिरवं सफरचंद आणि कडक आंबटपणा. दहा-पंधरा वर्षांनी रंग सोनेरी होतो, मधाची छटा येते आणि रॉकेलसारखा एक वास. तो दोष नव्हे, टीडीएन नावाच्या संयुगाचा तो गुण. मला तर तोच सगळ्यांत आवडतो! घरात उकाडा असेल तर मात्र साठवायच्या भानगडीत पडू नका.