येलोस्टोन आजी-आजोबा आणि मुलांसह: दिवस गायझरच्या वेळेवर बांधा

अमेरिकेतल्या येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीचा तुम्ही सांगितलेला बेत असा: सॉल्ट लेक सिटीहून भाड्याची गाडी, जुलै महिना, चार रात्री, ६ आणि ११ वर्षांची मुलं, भारतातून आलेले सत्तरीतले आईबाबा. पहिल्या दिवशी पार्कमधल्या दोन गोल रस्त्यांपैकी खालचं वर्तुळ, दुसऱ्या दिवशी वरचं, तिसऱ्या दिवशी शेजारचं ग्रँड टीटन पार्क असा तुमचा आराखडा आहे. नकाशावर तो सोपा दिसतो, कारण खालचं वर्तुळ ९६ मैलांचं आणि वरचं ७० मैलांचं. पण वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ४५ मैल आहे, बायसन रस्त्यावर आले की वाहतूक तासभरही अडते, आणि सकाळी दहानंतर मोठ्या ठिकाणी गाडी लावायला जागा मिळत नाही. या बेतात आईबाबांचे तिन्ही दिवस मागच्या सीटवर जातील. ग्रँड टीटन आणि वरच्या वर्तुळावरचं मॅमथ दोन्ही वगळा. चारही रात्री वेस्ट येलोस्टोन गावात एकाच ठिकाणी राहा, म्हणजे रोज बॅगा भरायला नकोत. पार्कच्या आतल्या खोल्या साधारण वर्षभर आधीच भरतात. रद्द झालेली एखादी मिळाली तर जरूर घ्या, पण त्यावर बेत आखू नका.

सॉल्ट लेक सिटी ते वेस्ट येलोस्टोन सुमारे ३२० मैल, म्हणजे पाच तासांचं ड्रायव्हिंग. ज्येष्ठ आणि मुलं बरोबर असल्यास सात धरा. वाणसामान आणि पेट्रोल आयडाहो फॉल्सलाच घ्या. त्यापुढच्या रस्त्यावर अंधारात हरणं आणि एल्क (मोठ्या जातीची हरणं) आडवे येतात, म्हणून उजेडात पोहोचा.

आता मुख्य गोष्ट. गायझर, म्हणजे जमिनीतून उकळतं पाणी उंच उडवणारा झरा, तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून त्याची वेळ आधी बघायची आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती बसवायचा. ओल्ड फेथफुल या सर्वांत प्रसिद्ध गायझरच्या दोन उद्रेकांमध्ये साधारण ६० ते ११० मिनिटं जातात, आणि जाहीर केलेली वेळ दहा मिनिटं मागेपुढे होऊ शकते. उद्रेक दीड ते पाच मिनिटं चालतो. तो थोडक्यात आटोपला तर पुढचा लवकर येतो, लांबला तर उशिरा, कारण जास्त पाणी बाहेर पडलं की जमिनीखालच्या नळ्या पुन्हा भरून तापायला वेळ लागतो. वेळा नॅशनल पार्क सर्व्हिसच्या अ‍ॅपवर आणि व्हिजिटर सेंटरच्या फलकावर मिळतात. पार्कच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून अ‍ॅपमधली येलोस्टोनची माहिती आणि गाडीचा नकाशा हॉटेलच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा.

बहुतेक लोक ओल्ड फेथफुल बघून लगेच गाडीकडे वळतात. तसं करू नका. त्याच परिसरातल्या ग्रँड, कॅसल, डेझी आणि रिव्हरसाइड या गायझरच्याही वेळा वर्तवतात. आईबाबांसाठी माझं मत रिव्हरसाइडला. तिथवर सव्वा-दीड मैलांची जवळजवळ सपाट वाट आहे आणि बसायला बाकं आहेत. पाण्याची कमान तिरकी फायरहोल नदीवर झेपावते आणि उद्रेक सुमारे वीस मिनिटं चालतो, त्यामुळे मागे राहिलेल्यालाही तो चुकत नाही. तो साधारण सहा तासांनी होतो, आणि त्याआधी तास-दोन तास काठावरून पाणी ओघळू लागतं. ते दिसलं की जागा सोडू नका. नॉरिस भागातला स्टीमबोट जगातला सर्वांत उंच उडणारा गायझर आहे, ३०० फुटांच्या वर जातो, पण त्याचा काळवेळ ठरलेला नाही. त्याच्यासाठी खोळंबू नका.

ग्रँड प्रिझमॅटिक या रंगीत गरम कुंडाला लोक सकाळी लवकर जातात आणि नुसती वाफ बघून परततात. गार हवेत वाफ दाट असते, रंग झाकले जातात. ऊन चढल्यावर, दुपारी जा. फोटोत दिसतो तसा पूर्ण आकार वरच्या ओव्हरलुकवरूनच (बघायच्या उंच जागेवरूनच) दिसतो. त्याची वाट फेअरी फॉल्सच्या पार्किंगपासून निघते, एका बाजूने सुमारे ०.६ मैल, शेवटी साधारण शंभर फूट चढ. गुडघे दुखत असतील तर आईबाबांना तिथे नेऊ नका. त्याऐवजी फाउंटन पेंट पॉटचा अर्ध्या मैलाचा फेरा करा. गायझर, गरम कुंड, खदखदता चिखल आणि वाफेची भोकं हे चारही प्रकार तिथे एकत्र दिसतात.

तिसरा दिवस कॅन्यनचा, म्हणजे येलोस्टोन नदीच्या खोल दरीचा. वेस्ट येलोस्टोनहून ४० मैल. आर्टिस्ट पॉइंटवरून ३०८ फुटांचा लोअर फॉल्स धबधबा फार न चालता दिसतो. पुढे हेडन व्हॅलीत सूर्योदयाच्या सुमारास किंवा संध्याकाळी बायसन हमखास दिसतात. गाडी रस्त्यातच उभी करू नका, बाजूच्या मोकळ्या जागेत घ्या. बायसन आणि एल्कपासून किमान २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यापासून १०० यार्ड लांब राहायचं. बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) विमानातून नेता येत नाही, सामानातही नाही, तो तिथेच विकत किंवा भाड्याने घ्यावा लागतो.

आईबाबांना वज्रेश्वरी-गणेशपुरी किंवा उन्हवऱ्याची कुंडं माहीत असतील, तर हे आधीच नीट सांगा: इथलं पाणी स्नानाचं नाही. जमिनीचा वरचा थर पातळ असतो, खाली उकळतं पाणी. आजवर वीसपेक्षा जास्त माणसं भाजून मेली आहेत. लाकडी वाट सोडायची नाही, टोपी उडून गेली तरी तिच्यामागे जायचं नाही, आणि सहा वर्षांच्या मुलाचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्याच हातात असू दे.

ओल्ड फेथफुलची उंची ७,३०० फुटांच्या वर आहे. पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजायला फार वेळ लागतो. दुपारच्या जेवणाला थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू उत्तम. खाणं टेबलावर ठेवून पाच मिनिटंही कुठे जाऊ नका. डबे, अगदी रिकामेसुद्धा, बंद गाडीत ठेवा. जुलैतही पहाटे तापमान पाच अंशांच्या खाली जातं आणि दुपारी विजांसह पाऊस येतो. कानटोपी, स्वेटर, रेनकोट गाडीतच राहू द्या. पहिल्या दिवशी धाप लागली तर चालणं कमी करा, पाणी वाढवा.

खासगी गाडीचं सात दिवसांचं प्रवेशशुल्क ३५ डॉलर आहे. पण २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांच्या आणि त्यावरच्या पाहुण्यांना येलोस्टोनमध्ये माणशी १०० डॉलर जादा लागतात, आणि त्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. तुमच्या घरात दोन्ही प्रकारची माणसं आहेत, म्हणून पास घेण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर हा नियम वाचा आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं हाताशी ठेवा. त्याच वेळी ओल्ड फेथफुलजवळच्या बिस्किट बेसिन या गरम झऱ्यांच्या भागाची स्थितीही बघा. २३ जुलै २०२४ ला तिथे जमिनीखालच्या गरम पाण्याचा आणि वाफेचा स्फोट झाला आणि तो भाग बंद करावा लागला.