धोकादायक तंत्रज्ञानापायी एखादा शास्त्रज्ञ खरंच आंतरराष्ट्रीय कटात सापडून मारला गेलाय का, की हे सिनेमातच होतं?

गेलाय. आपल्याकडे हा विषय निघाला की इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं नाव येतं, पण त्यांच्यावरचा हेरगिरीचा आरोपच खोटा होता. तुम्ही विचारताय तसं प्रकरण म्हणजे जेराल्ड बुल.

हा कॅनडाचा, जन्म १९२८. तोफगोळ्यांच्या गतीचा जाणकार आणि डोक्यात एकच खूळ: उपग्रह सोडायला महागडं रॉकेट कशाला, तोफ का नको? ऐकायला वेडगळ वाटतं, पण १९६६ साली अमेरिकेत युमा इथे त्याच्या पथकाने नौदलाच्या १६ इंची तोफांच्या नळ्या एकापुढे एक जोडून जवळपास १८० किलोमीटर उंच गोळा उडवला. अंतराळ १०० किलोमीटरवर सुरू होतं असं मानतात! गोळा अर्थात परत खाली आला. कक्षेत टिकायला सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वेग हवा. त्याच्या तोफेची धाव दोनच्या आसपास. उरलेला वेग गोळ्यातच रॉकेट बसवून मिळवायचा, असा त्याचा बेत होता. पण पुढच्याच वर्षी सरकारी पैसा आटला.

माझ्या मते गाडी घसरली ती इथून. पैशासाठी तो लांब पल्ल्याच्या १५५ मिलिमीटर तोफा आणि गोळे विकू लागला. दक्षिण आफ्रिकेवर शस्त्रबंदी असताना तिथे माल पोचवला म्हणून १९८० मध्ये अमेरिकेत काही महिने तुरुंगात गेला. सुटल्यावर ब्रुसेल्सला बिऱ्हाड हलवलं आणि अखेरीस सद्दाम हुसेनच्या इराकने त्याला हवं ते देऊ केलं: सुमारे १५६ मीटर लांब आणि एक मीटर व्यासाच्या नळीची तोफ, नाव ‘बॅबिलॉन’. सोबत सद्दामच्या स्कड क्षेपणास्त्रांवरही काम करायचं.

२२ मार्च १९९० रोजी ब्रुसेल्समध्ये घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या. जवळचे सुमारे वीस हजार डॉलर तसेच होते, म्हणजे चोरीचा मामला नाही. पुढच्याच महिन्यात ब्रिटनच्या कस्टमने टीसपोर्ट बंदरात अजस्र पोलादी नळ्या पकडल्या. कागदोपत्री त्या पेट्रोकेमिकल कारखान्याचे पाइप होते, प्रत्यक्षात ‘बॅबिलॉन’चे भाग.

मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. सर्वाधिक संशय इस्रायलची गुप्तहेर संस्था मोसादवर घेतला जातो, पण सिद्ध काहीच झालेलं नाही. बहुतेक जण खुनाचं कारण ती महाकाय तोफ सांगतात, ते मला तितकंसं पटत नाही. डोंगरउतारावर रोवलेली, इकडची तिकडे वळवता न येणारी तोफ पहिल्याच बाराला शत्रूला आपला पत्ता देणार आणि दुसऱ्या दिवशी विमानं येऊन ती उडवणार. स्कडचं तसं नाही. ती ट्रकवर लादून कुठेही नेता येतात, आणि त्यांचा पल्ला वाढणं इस्रायलला जास्त झोंबणारं होतं. त्यामुळे इस्रायलचा हात असेलच, तर तो स्कडपायी असावा असं मला वाटतं.