नवी गाडी चालता चालता बंद पडते: तज्ज्ञ तपासणीचा अर्ज आधी करा

सातारा येथील एका वाचकाने विचारले आहे की, 11 लाख 80 हजार रुपयांना घेतलेली त्यांची नवी पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडते. यंदाच्या दसऱ्याला गाडीला दोन वर्षे पूर्ण होतील. डिलिव्हरीनंतर 19व्या दिवशी, पुण्याहून परतताना खंबाटकी घाट चढत असताना ती पहिल्यांदा बंद पडली. तेव्हापासून ती पाच वेळा वर्कशॉपमध्ये जाऊन आली, तरी दोष गेलेला नाही. आता वर्कशॉपने 'सॉफ्टवेअर अपडेट' करण्यासाठी सोमवारी पुन्हा बोलावले आहे. गाडी बदलून मिळेल का, पैसे परत मिळतील का आणि तोवर बँकेचे हप्ते थांबवावेत का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. सोबत दोन जॉब कार्डांच्या, म्हणजे वर्कशॉपने केलेल्या कामाच्या नोंदपत्रांच्या, प्रती आहेत. उरलेली तीन त्यांना सापडत नाहीत. याच आशयाची पत्रे वरचेवर येत असल्याने हे उत्तर सविस्तर देत आहे.

तुम्ही कायद्याने ग्राहक ठरता की नाही आणि सदोष वस्तूबद्दल दाद मागता येते की नाही, यावर मी जागा घालवत नाही. तुमच्या प्रकरणाचा निकाल एकाच तरतुदीवर लागणार आहे, आणि ती म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मधील कलम 38(2) मधली तपासणीची तरतूद. वस्तूतील दोष योग्य चाचणीशिवाय ठरवता येत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाने ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवावी आणि अहवाल 45 दिवसांत मागवावा, असे ती सांगते. इंजिन अधूनमधून बंद पडणे हा असा दोष आहे की जो गाडीकडे नुसते पाहून कोणालाही दिसत नाही. त्यामुळे तज्ज्ञाचा अहवाल नसेल, तर 'उत्पादनातील दोष सिद्ध झाला नाही' या एका वाक्यात तक्रार फेटाळली जाते, आणि अशी कित्येक प्रकरणे केवळ या कारणाने बुडाली आहेत. आयोग स्वतःहून तज्ज्ञ नेमील, या भरवशावर राहू नका. तपासणीचा स्वतंत्र अर्ज तक्रारीसोबत, त्याच दिवशी द्या आणि तपासणीचे शुल्क भरण्याची तयारी त्यातच लिहून द्या, कारण ते शुल्क तक्रारदाराला भरायला सांगितले जाते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारखी संस्था किंवा शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाचा संबंधित विभाग अर्जात सुचवावा. कोणाला नेमायचे हे शेवटी आयोग ठरवील.

या अर्जासाठी घाई का करायची, हे तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या जॉब कार्डावरूनच कळते. त्यात ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' एवढेच लिहिले आहे. खाली 'स्कॅन केले, कोड क्लिअर केले, ट्रायल घेतली, गाडी ओके. चांगल्या प्रतीचे इंधन वापरण्याचा सल्ला दिला' असे शब्द आहेत, आणि त्याखाली 'कामाने समाधानी' या छापील ओळीपुढे तुमची सही आहे. तुम्ही घाटात, रात्री, मागे ट्रकांची रांग असताना बंद पडलेल्या गाडीत बसला होता आणि त्या कागदावर मात्र समाधानाची सही करून घरी आलात. विरुद्ध बाजूचा वकील हा कागद पहिल्याच तारखेला पुढे करणार आहे. इतकी मोठी रक्कम मोजणाऱ्या माणसाने सही करण्यापूर्वी चार ओळी वाचू नयेत, याचे मला वाईट वाटते, आणि ते तुम्हाला स्पष्टच सांगितले पाहिजे.

त्यातही 'कोड क्लिअर केले' हे तीन शब्द सर्वांत महागात पडणारे आहेत. मी मेकॅनिक नाही, पण अशा प्रकरणांतले तज्ज्ञांचे अहवाल वाचून एवढे मला ठाऊक आहे की, इंजिनाच्या कॉम्प्युटरला एखाद्या सेन्सरमध्ये बिघाड आढळला की तो त्याचा कोड नोंदवतो, आणि त्यासोबत त्या क्षणीचे इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, कूलंटचे तापमान अशी माहितीही जतन करतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पी 0335 हा क्रँक सेन्सरच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याची स्थिती ओळखणाऱ्या सेन्सरच्या, सर्किटचा कोड याच जातीचा. तुम्ही लिहिले आहे की गाडी लांबच्या प्रवासात, इंजिन चांगले तापल्यावर बंद पडते आणि पंधरावीस मिनिटे थांबल्यावर जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. क्रँक सेन्सर किंवा फ्युएल पंप तापल्यावर दगा देत असेल, तर लक्षण नेमके असेच असते. दुरुस्तीसाठी नेईपर्यंत गाडी थंड झालेली असते, दोन किलोमीटरच्या ट्रायलमध्ये काहीच होत नाही, आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा पडतो. अशा वेळी कॉम्प्युटरमधली ती नोंद हाच एकमेव साक्षीदार असतो, आणि कोड क्लिअर केला की तो साक्षीदारही जातो. अपडेटच्या आधीही जुने कोड पुसले जाण्याचा संभव असतो.

म्हणून अपडेटसाठी गाडी देण्यापूर्वी एखाद्या स्वतंत्र गॅरेजमधून तिचे स्कॅनिंग करून घ्या. कोड काहीही निघोत, फ्रीझ फ्रेमसह अहवालाची छापील प्रत घ्या आणि तीवर तारीख, ओडोमीटरचे वाचन व गॅरेजचा शिक्का असू द्या. तिथे काहीही खोलू देऊ नका, नाहीतर वॉरंटीचे नवे भांडण उभे राहील. हा कागद आयोगाच्या तज्ज्ञाची जागा घेणार नाही, पण तपासणीचा आदेश मिळवण्यासाठी प्रथमदर्शनी पुरावा म्हणून तो पुरेसा ठरू शकतो. हरवलेल्या तीन जॉब कार्डांच्या प्रती आणि गाडीचा संपूर्ण सर्व्हिस इतिहास डीलरकडून आजच ईमेलने मागवा. दिला तर उत्तम, न दिल्यास ती मागणीच तुमच्या कामी येईल.

इंधनाच्या शेऱ्याने घाबरून जाऊ नका, पण तो हलकाही समजू नका. पेट्रोलमध्ये पाणी शिरले तर त्यात मिसळलेल्या इथेनॉलमुळे पाण्याचा वेगळा थर तळाशी बसू शकतो आणि इंजिन बंद पडू शकते, हे खरे आहे. मात्र भेसळीचा आक्षेप घेणाऱ्याने टाकीतील नमुना तपासून घ्यायला हवा होता. दोन वर्षांत वेगवेगळ्या पंपांवर भरलेले पेट्रोल प्रत्येक वेळी सदोष निघाले, हे पटण्याजोगे नाही. पेट्रोलच्या पावत्या असतील तर जोडा.

आता मुदतीबद्दल. कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. प्रत्येक फसलेल्या दुरुस्तीने कारण नव्याने घडते, असा युक्तिवाद करता येतो आणि काही वेळा तो मान्यही होतो, परंतु त्यावर विसंबण्याची वेळ स्वतःवर आणू नये. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या बंद पडण्याच्या दिवसापासून मोजले असते, म्हणजे दसऱ्यानंतरच्या 19व्या दिवशी मुदत संपते असे धरून दसऱ्याच्या आतच तक्रार दाखल केली असती. विलंब माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी सबळ कारण लागते, आणि 'पुढच्या सर्व्हिसला बघू' हे सबळ कारण नव्हे. नोटीस पाठवायची असल्यास पंधरा दिवसांची पाठवा. तिचे उत्तर येण्याची वाट पाहत महिने घालवू नका.

तक्रार साताऱ्याच्या जिल्हा आयोगातच करता येईल, कारण तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा 2019 च्या कायद्याने दिली आहे. डीलर आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. तुमच्या रकमेच्या तक्रारीला शुल्क 400 रुपये आहे आणि ती ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते.

गाडी बदलून मिळेल का, याचे ठाम उत्तर मी देऊ शकत नाही. 2006 साली मारुती उद्योगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सुट्या भागातील दोष तो भाग बदलून दूर होण्यासारखा असेल, तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही. उलट फियाटच्या एका गाडीच्या प्रकरणात, इंजिन बदलूनही तक्रार कायम राहिल्यावर, त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याचा आणि मूलभूत दोष निघाल्यास किंमत व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. तुमचे प्रकरण या दोहोंपैकी कुठे बसते, हे तज्ज्ञाच्या अहवालावरच ठरेल. दोष एका सेन्सरचा निघाला तर सेन्सर आणि मनस्तापाची भरपाई एवढ्यावर समाधान मानावे लागेल. म्हणून तक्रारीत गाडी बदलून देणे, ते न जमल्यास किंमत परत करणे, तेही न जमल्यास दोष कायमचा दूर करून वॉरंटी वाढवून देणे, अशा पर्यायी मागण्या करा आणि नुकसानभरपाई वेगळी मागा.

ज्या तक्रारीत चाचणी लागते ती पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रिकामी पदे आणि वाढत जाणाऱ्या तारखा यांमुळे याला वर्षे लागतात, आणि याची किंमत ग्राहकच मोजतो, कारण तोवर गाडी जुनी होते, किलोमीटर वाढतात आणि 'इतकी चालली, मग सदोष कशी?' हा प्रश्न आणखी धारदार होतो. तपासणीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या, असे मी वारंवार म्हणतो ते यासाठीच. विरुद्ध पक्षाला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्यासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 साली ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे, तेव्हा 46व्या दिवशी कैफियत आली तर हरकत नोंदवायला विसरू नका.

हप्ते मात्र थांबवू नका. बँकेशी झालेला तुमचा करार वेगळा आहे. हप्ता चुकला तर पत बिघडेल आणि गाडी जप्त झाली तर तपासायला गाडीच उरणार नाही.

तपासणी होईपर्यंत शक्यतो घाटात आणि महामार्गावर ही गाडी नेऊ नका. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांतच संपते आणि स्टिअरिंग जड होते. सोमवारी वर्कशॉपला जाल तेव्हा तक्रारीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'चालत्या स्थितीत, इंजिन तापल्यावर, गाडी अचानक बंद पडते. ही सहावी भेट' असे लिहा. नोंदवलेले कोड आणि फ्रीझ फ्रेम छापून मिळाल्याशिवाय ते पुसू नयेत, असेही त्याखाली लिहा आणि सही करण्यापूर्वी 'कामाने समाधानी' ही ओळ आडवी रेघ मारून खोडा.